पोटरी रगडण्याआधी आत काय आहे ते तरी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोजागिरीला पायी तुळजापूरला जाणाऱ्यांसाठी तुमच्या आरोग्याच्या पानावर माहिती आली होती ती वाचली, चांगली आहे, पाणी पीत राहा, मधे मधे टेका, साखर-बीपीवाल्यांनी गोळ्या जवळ ठेवा वगैरे सगळं बरोबर. पण सोबत पायाचं जे चित्र छापलंय त्यात गुडघ्यापासून टाचेपर्यंत एकच लांबोळका गोळा काढलाय, त्यावर लिहिलंय 'पोटरीचा स्नायू' आणि खाली सल्ला काय, तर दुखलं की जोरात मालिश करा. माझी हरकत ह्यालाच आहे. मी सोलापूरच्या पूर्व भागात फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करतो, रोज पोटऱ्याच बघतो म्हटलं तरी चालेल, आणि 'जोरात' ह्या एका शब्दानं किती घोळ होतो ते आमच्याकडं येणाऱ्यांना विचारा.

गुडघ्याखाली एका पायात तेरा स्नायू असतात हो, एक नाही. चार कप्प्यांत बसवलेले, आणि प्रत्येक कप्प्याभोवती पांढरं चिवट आवरण, गच्च अभ्र्यात कापूस कोंबावा तसं. पोटरीला हात लावला की वरवर जो फुगीर भाग लागतो तो गॅस्ट्रोक्नेमियस. त्याला दोन डोकी आहेत, आतलं आणि बाहेरचं, आणि ती गुडघ्याच्या वर मांडीच्या हाडाला चिकटलेली, म्हणजे हा स्नायू गुडघा आणि घोटा दोन्ही ओलांडून जातो. पळणं, उडी मारणं, जिन्यावर झटक्यात चढणं ही कामं त्याची. त्याच्या खाली, बाहेरून नीट दिसतही नाही असा सपाट रुंद सोलियस, तो गुडघ्याच्या खालूनच सुरू होतो. आपण नुसतं उभं राहिलो तरी शरीराचा भार घोट्याच्या जरा पुढं पडतो, म्हणजे खरं तर आपण तोंडावर आपटायला पाहिजे, पण हा सोलियस मागून धरून ठेवतो, दिवसभर, न दमता, कारण त्याच्यातले बरेचसे तंतू सावकाश चालणारे आणि लवकर न थकणारे असतात. दोघं मिळून टाचेच्या मागच्या जाड अकिलीज टेंडनला, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीला, लागतात.

ह्या दोघांच्या मधे प्लँटॅरिस नावाचा एक छोटासा स्नायू असतो, पोट बोटभर आणि टेंडन मात्र लांबच लांब आणि बारीक, मेडिकलची फर्स्ट इयरची पोरं डिसेक्शनला तो हमखास नस, म्हणजे नर्व्ह, समजतात. काहींच्या पायात तो नसतोच, नसला तरी काही अडत नाही. असो.

आता हे चालणाऱ्याला कशाला पाहिजे? तर दुखतंय कुठलं ते कळायला. भिंतीला हात टेकून एक पाय मागं घ्या, गुडघा सरळ, टाच जमिनीला. ताण वर पोटरीच्या फुगीर भागात लागला तर तो गॅस्ट्रोक्नेमियस. आता टाच तशीच ठेवून गुडघा वाकवा, वरचा ढिला पडतो आणि ताण खाली टाचेच्या बाजूला सरकतो, तो सोलियस. लोक नेहमी पहिलाच प्रकार करतात आणि म्हणतात स्ट्रेचिंग करून पण काय फरक नाही ओ. इथल्या रूपाभवानीचं दर्शन घेऊन निघालेला माणूस तामलवाडीपर्यंत सपाट रस्त्यानं बरा चालतो, पुढं तुळजापूरचा घाट लागला की गुडघा वाकवून चढायला लागतो आणि पोटरीतला बराचसा लोड सोलियसवर येतो, म्हणून दुसऱ्या दिवशी वरून चोळून चोळून हात दुखतात पण पाय काही मोकळा होत नाही. दोन्ही ताण द्या, अर्धा अर्धा मिनिट, उड्या न मारता.

गोळा आला तर काय करायचं ते पण तुमच्या पानावर नव्हतं. गुडघा सरळ करून पंजा नडगीकडं ओढायचा, शक्यतो स्वतःच्याच ताकदीनं. नडगीच्या बाहेरच्या अंगाला टिबियालिस अँटीरियर असतो, पंजा वर उचलणारा, तो कामाला लागला की पोटरीला आपोआप सैल पडावं लागतं, ही मणक्यातल्या नसांचीच व्यवस्था आहे. गोळा सुटल्यावर हलकं चोळा, गोळा आलेला असताना त्यावर बुक्क्या मारू नका.

रस्त्यात ठिकठिकाणी मंडळांचे मालिशचे स्टॉल असतात, पोरं रात्रभर जागून म्हाताऱ्या माणसांचे पाय चेपतात, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण त्यांना एक गोष्ट कुणीतरी सांगायला पाहिजे आणि ती तुमच्या पेपरातून सांगितली तर पोचेल. सोलियसच्या आत शिरांचे मोठे मोठे कप्पे असतात, रक्त तिथं जमतं आणि स्नायू आवळला की वर हृदयाकडं ढकललं जातं, शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. चालताना हा पंप चालू असतो. एका जागी उभं राहिलं किंवा तासन्‌तास बसलं की बंद. मग कधी कधी तिथं रक्ताची गुठळी होते. तर दोन्ही पोटऱ्या सारख्याच दुखत असतील तर बहुतेक नुसता थकवा, पण एकच पाय सुजलाय, गरम लागतोय, दाबलं की कळ येतेय, अशा पायाला हात लावू नका. चोळून गुठळी सुटली तर ती फुप्फुसात जाऊन अडकू शकते आणि माणूस जाऊ शकतो. अशा माणसाला सरळ गाडीत घालून दवाखान्यात न्या, तेल-बिल नंतर.

आपल्या सोलापुरात हे जास्तच सांगायला पाहिजे. कारखान्यात दोन लूमच्या मधल्या चिंचोळ्या जागेत बारा बारा तास उभं राहून टॉवेल काढणाऱ्यांचे घोटे संध्याकाळी चपलेबाहेर आलेले असतात, शिरा निळ्या हिरव्या फुगलेल्या. त्यांना मी एवढंच सांगतो की उभ्या उभ्या दर पाच-दहा मिनिटांनी टाचा वर-खाली करा, पंधरा वीस वेळा, लूम थांबवायला लागत नाही की मालकाला विचारायला लागत नाही.

आणि विडी वळणाऱ्या बायका. मांडी घालून, मांडीवर सूप, मान खाली, सकाळपासून. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, बारक्या हाडाचं टोक हाताला लागतं बघा, त्याच्या मानेला वळसा घालून एक नस जाते, कॉमन पेरोनियल, अगदी कातडीखाली, तिला ना मांसाचं पांघरूण ना चरबीचं. जास्त वेळ तशीच दबून राहिली की नडगीकडचे आणि बाहेरचे स्नायू बंद पडायला लागतात. एक मावशी आल्या होत्या, म्हणाल्या "पाय दुखत नाही बाळा, चप्पलच राहिना झालीय पायात, चालालंय तर मागंच पडालीय." पंजा उचलत नव्हता, पाऊल टाकताना गुडघा जास्त वर घ्यायच्या आणि पाय फटकन आपटायचा. आणि घरचे त्यांची पोटरीच चोळत बसलेले! पोटरी ठणठणीत होती. अशा वेळी बसायची पद्धत बदलायला लागते, नसेची तपासणी करून घ्यायला लागते, लवकर आलं तर पुष्कळदा सुधारतं.

अकिलीजचं पण सांगतो. चाळिशीत अचानक बॅडमिंटन खेळायला गेलेला माणूस मागं वळून भांडायला लागतो, लाथ कुणी मारली म्हणून, कुणीच मारलेली नसते, टेंडन तुटलेलं असतं. टाचेच्या दोन ते सहा सेंटीमीटर वर त्याचा रक्तपुरवठा कमी असतो, बहुतेक तिथंच तुटतं. गंमत अशी की पंजा थोडा खाली जातोच, कारण आतल्या खोल कप्प्यातले टिबियालिस पोस्टेरियर आणि बोटं वाकवणारे स्नायू शाबूत असतात, मग घरी ठरतं की हलतंय म्हणजे मुका मार आहे. पालथं झोपवून पोटरी हातानं दाबा, पंजा जरासुद्धा हलला नाही तर ऑर्थोपेडिककडं जा, तेल लावत बसू नका.

शेवटचं ते कप्प्याभोवतीच्या चिवट आवरणाचं. नडगीचं हाड मोडलं की आत रक्त साठतं, सूज येते आणि ते आवरण तर ताणत नाही. गाडीवरनं पडलेल्या ओळखीतल्या एका पोराला घरच्यांनी दवाखान्यात नेण्याऐवजी एकाकडं नेऊन बांबूच्या कामट्या गच्च बांधून आणल्या. रात्रभर बोंबलत होता, पायाचा अंगठा कुणी खाली वाकवला तरी किंचाळायचा, आणि सगळे म्हणत होते हाड मोडलंय तर दुखणारच की. पंजावरची नाडी लागत होती म्हणून गाफील. नाडी लागतच असते, ती फार उशिरा जाते, तोवर आतला स्नायू मेलेला असतो, साधारण सहा तासांच्या आत आवरण चिरून कप्पा मोकळा करायला लागतो. त्याचा पाय वाचला पण पंजा आता उचलत नाही.

तेव्हा विनंती एवढीच की कोजागिरीच्या आधी तेच पान परत काढा, चित्रात निदान वरचा आणि खालचा स्नायू, नडगीकडचा स्नायू आणि गुडघ्याबाहेरची ती नस एवढं तरी वेगवेगळ्या रंगात दाखवा, आणि एक पाय सुजलेला असेल तर चोळू नये ही ओळ मोठ्या टायपात टाका. स्टॉलवाली पोरं पेपर वाचतात, कात्रण मांडवात चिकटवतील. चित्र काढून द्यायची माझी तयारी आहे, पैसे नकोत.

आपला,
एक फिजिओथेरपिस्ट वाचक,
पूर्व भाग, सोलापूर