चार्जर लावलेत, आता ते चालू ठेवा: ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ऊर्जामंत्री, कर्नाटक सरकार,
विधानसौध, बंगळूर

विषय: सीमाभागातले बंद पडलेले चार्जर आणि घरच्या चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन

महोदय,
स. न. वि. वि.

बेळगावात उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप आहे. कामानिमित्त कधी कोल्हापूरजवळ शिरोली, कधी गोव्यात वेर्णा, कधी हुबळी असं फिरणं चालूच असतं. डिझेलची गाडी काढून मी इलेक्ट्रिक एसयूव्ही घेतली. गाडी उत्तम आहे. घाटात तिसरा गिअर की दुसरा हा प्रश्न उरला नाही, क्लच नाही, ऑइल बदलणं नाही, आणि महिन्याच्या डिझेलचा आकडा पाहून बायको जे तोंड करायची तेही बंद झालं. या पत्रात गाडीची तक्रार नाही. गाडीला वीज कशी मिळते, किंवा मिळत नाही, त्याबद्दल लिहितोय आणि ते खातं तुमचं आहे.

आधी श्रेय देऊन टाकतो. २०१७ मध्ये इलेक्ट्रिक वाहनांचं धोरण आणणारं कर्नाटक हे देशातलं पहिलं राज्य. सार्वजनिक चार्जिंग स्टेशनांच्या संख्येतही आपण पहिले. २०२४ च्या अखेरीस हा आकडा साडेपाच हजारांवर गेला होता. त्यातली तीन चतुर्थांशाच्या आसपास स्टेशनं एकट्या बंगळूर शहर जिल्ह्यात. उरलेल्यात आम्ही, कलबुर्गी, बिदर, कारवार आणि बाकीचा सगळा मुलूख. पण ‘आमच्याकडे कमी का’ हे विचारायला मी बसलेलो नाही. कोगनोळीपासून हिरेबागेवाडीपर्यंत हायवेला हॉटेलांच्या आवारात, पंपांवर आता चार्जर दिसतात. दिसतात, पण चालतात का?

ॲपवर हिरवा ठिपका असतो. पोचल्यावर स्क्रीन काळा. वॉचमन लांबूनच हात हलवतो, “बंद आहे बघा ते, कालपास्नं.” दुसऱ्या ठिकाणी “करंट इल्ला री”, म्हणजे वीज नाही. तिसरीकडे मशीन चालू, पण पुढ्यात पर्यटकांची टेम्पो ट्रॅव्हलर उभी आणि ड्रायव्हर जेवायला. हेल्पलाइनवर बराच वेळ संगीत ऐकल्यावर तक्रार क्रमांक मिळतो. तक्रार क्रमांकानं गाडी चार्ज होत नाही.

मी मशीनवाला माणूस, त्यामुळे बंद मशीन दिसलं की कारण शोधायची खोड आहे. बहुतेक वेळा कारण अगदी किरकोळ निघतं. वीज जाऊन आली आणि चार्जरचा मोडेम अडकला. व्होल्टेज पडलं आणि ब्रेकर ट्रिप झाला, पण पॅनेलची किल्ली कुणाकडेच नाही. कुणी लाल इमर्जन्सी बटण दाबून ठेवलं, ते फिरवून सोडायचं कुणाला ठाऊक नाही. बिल थकल्यामुळे लाइन तोडलेली, असंही ऐकलंय. यातल्या एकाही गोष्टीला बंगळूरहून इंजिनिअर यायला नको. किल्ली असलेला, दहा मिनिटं देणारा एक माणूस तालुक्याला पुरे. तो माणूस कुणी नेमायचा, इथे सगळं अडतं. हॉटेलवाला म्हणतो, मी फक्त जागा दिली. चार्जर चालवणारी कंपनी कुठल्या तरी दूरच्या शहरात. वीज कंपनीच्या लेखी तो एक मीटर, बिल आलं की संपलं. पंपाचा नोझल बंद पडला तर मालकाचा त्याच दिवशी धंदा बुडतो, म्हणून तो धावपळ करतो. चार्जर बंद पडला तर यातल्या कुणाचंच त्या दिवशी काही बिघडत नाही.

जानेवारी २०२२ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत हायवेच्या दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला एक चार्जिंग स्टेशन असावं असं म्हटलं होतं. नकाशावर ठिपके मांडले तर आमचा रस्ता त्यात बसूही शकेल. पण गाडी नकाशावरून जात नाही. माझी बॅटरी ४० युनिटची. फास्ट चार्जर ८० टक्क्यांनंतर मंदावतो, म्हणून वाटेत त्याच्या पुढे कुणी थांबत नाही. खाली २० टक्के राखायचे, कारण पुढचा चार्जर चालू असेलच असं नाही. राहिले २४ युनिट, म्हणजे हायवेच्या वेगात दीडशेच्या आतलं अंतर. बेळगाव ते कोल्हापूर साधारण ११० किलोमीटर, आणि मध्ये तवंदीचा घाट. जाणं आरामात होतं. परतताना एक चार्जर हुकला की माणूस एसी बंद करून, सत्तरच्या वेगानं, ट्रकच्या मागे चालू लागतो. पुढचा चार्जर नक्की चालेल अशी खात्री असती, तर खाली राखायचे २० टक्के १० वर आणता आले असते. म्हणजे बंद चार्जर फक्त एक जागा खात नाही, तो प्रत्येक गाडीची रेंजही खातो.

गोव्याचा रस्ता वेगळा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंच. चोर्ल्यानं उतरताना गाडी ब्रेकिंगमधून वीज परत बॅटरीत भरते, आकडा वाढताना बघायला मजा येते. येताना त्याची वसुली होते. पावणेदोन टनाची गाडी सातशे मीटर वर उचलायलाच साडेतीन-चार युनिट लागतात, चालण्याचा खर्च वेगळा. हे शाळेतल्या भौतिकशास्त्राचं गणित आहे, त्यात कुणाचा दोष नाही. पण कणकुंबीच्या पावसात, जांबोटीच्या जंगलात मोबाइलला रेंज नसते. तिथे ओटीपी आल्याशिवाय सुरू न होणारा चार्जर बसवून काय करायचं? खानापूर तालुक्यात जे काही बसवाल ते कार्ड टेकवून, नेटवर्कविना सुरू होणारं बसवा. आणि ॲपचं म्हणाल तर माझ्या फोनमध्ये त्यांची गर्दी झालीय. प्रत्येकाचं पाकीट वेगळं, प्रत्येकात थोडे थोडे पैसे अडकलेले. चहावाल्याकडे क्यूआर लावून दहा रुपये देता येतात, इथे का नाही?

एक गोष्ट बंगळुरातल्या माणसाच्या ध्यानात येणार नाही, म्हणून सांगतो. डिझेल भरून माणूस पाच मिनिटांत निघतो. चार्जिंगला पाऊण तास एका जागी उभं राहावं लागतं. सीमाभागात वातावरण तापलं की नंबर प्लेट बघितली जाते. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली होती. अशा दिवशी कोल्हापूरचा एमएच ०९ वाला आपल्याकडे अंधाऱ्या आवारात पाऊण तास गाडी लावून बसेल का? आमचे केए २२ वालेही पलीकडे गेले की मागे-पुढे बघतातच. सीमावादाचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. तोवर चार्जरवर एक दिवा, एक कॅमेरा आणि एक माणूस, एवढं तर होऊ शकतं. रात्री एकट्या बाईला तिथे थांबावं लागलं तरी हेच लागणार आहे.

आता घर. ईव्हीवाल्याचा खरा पंप घरीच असतो. रात्री लावायची, सकाळी काढायची. ज्याच्या दारात जागा आहे त्याचं बरं चाललंय. तरी उन्हाळ्यात एक गंमत असतेच. गाडी चार्ज करायच्या आधी अर्थिंग तपासते, बरोबर नसेल तर सरळ नकार देते. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये जमीन वाळली की अर्थिंगचा खड्डाही वाळतो, मग रोज संध्याकाळी तुळशीबरोबर त्यालाही तांब्याभर पाणी.

शहापूर, वडगाव, अनगोळच्या गल्ल्यांत मात्र दारात जागा नाही. घरं जुनी, मीटर आत, गाडी गल्लीत. रस्त्यावरून वायर ओढावी तर स्कूटरवाले शिव्या घालतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. गणपतीत मंडप पडला की दहा दिवस गाडी गल्लीतच येत नाही. २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगाव आलं होतं. विजेच्या खांबावर बसणारे साधे, संथ चार्जर गल्लीच्या तोंडाशी लावले तरी या लोकांचं काम भागेल. त्यांना फास्ट चार्जर नकोय, रात्र मोठी असते.

यापुढचा मुद्दा खास कर्नाटकातला आहे, आणि त्यावर निर्णय तुमच्या हातात आहे. गृहज्योती या राज्याच्या मोफत विजेच्या योजनेत २०० युनिटच्या वर वापर गेला की पूर्ण बिल भरावं लागतं. महिन्याला हजारभर किलोमीटर चालणारी गाडी एकटीच दीडशेच्या वर युनिट घेते. म्हणजे गाडी घरच्या मीटरवर लावली की अख्खं घर योजनेच्या बाहेर. आता, एसयूव्ही घेणाऱ्याला फुकट वीज कशाला, असं कुणी म्हणेल. मलाही ते पटतं. माझ्या बिलासाठी मी भांडत नाही. पण माझ्या शॉपमधला पोरगा इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन तीच घरी लावतो, आणि घरात टीव्ही, फ्रीज, मिक्सर आहेच. त्याचं काय?

यावर उपाय कायद्यात आहे. केंद्राच्या वीजग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. ग्राहकानं मागितलं तर ईव्ही चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन द्यायचं. नवी लाइन ओढायची नसेल तर नवं कनेक्शन नगरपालिका-महापालिकांच्या हद्दीत ७ दिवसांत आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत मिळायला हवं. महानगरांत ३ दिवस, डोंगराळ खेड्यांत ३०. राज्याच्या वीज नियामक आयोगानंही ईव्ही चार्जिंगसाठी स्वतंत्र दरवर्ग ठेवलाय. हे सगळं मी प्रिंट काढून एका कार्यालयात घेऊन गेलो. कार्यालयाचं नाव घेत नाही. काउंटरवरच्या माणसानं कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, “असं काही आमच्याकडं आलेलं नाही. तुम्ही घरचाच लोड वाढवून घ्या की.” तो माणूस वाईट नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. वरून एक परिपत्रक आलं असतं तर माझंही काम झालं असतं आणि त्याचा वेळही वाचला असता.

शहर सोडून चिकोडी, रायबाग, अथणीकडे गेलं की प्रश्न आणखी बदलतो. तिकडे कितीतरी घरं मळ्यात आहेत. पंपांना थ्री फेज दिवसाचे सात तास, रात्री मळ्यातल्या घराला जे मिळतं त्यावर पंखा फिरतो. माझे मेहुणे अशाच एका मळ्यात राहतात. ऊस बऱ्यापैकी, गाडी परवडते, इलेक्ट्रिक घ्यायची मनापासून इच्छा. मी एकदा मुक्कामी गेलो आणि गाडी लावली, तर व्होल्टेज इतकं खाली की चार्जिंग सुरू होऊन बंद, सुरू होऊन बंद. सकाळी गाडी जवळपास होती तिथेच. मेहुण्यांनी काही न बोलता डिझेलची बुक केली. गावठाणाला निरंतर ज्योती योजनेतली, शेतीपंपांपासून वेगळी लाइन आहे. मळ्यातल्या वस्त्यांना तिची शाखा मिळाली तर साखर पट्ट्यातला हा ग्राहक उद्या येईल.

कराचं थोडक्यात. सार्वजनिक चार्जिंगला सेवा मानून १८ टक्के जीएसटी लागतो. २०२३ मध्ये आपल्याच राज्याच्या जीएसटी प्राधिकरणानं म्हैसूरकडच्या वीज कंपनीच्या अर्जावर तसा निवाडा दिलाय. गाडीवर ५ टक्के आणि गाडीच्या विजेवर १८, हे कुठलं शहाणपण? जीएसटी परिषदेत राज्यालाही बोलता येतं. २५ लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना २०२४ पासून तुम्ही १० टक्के आजीवन कर लावलात. माझी त्याखालची, म्हणून मी त्यावर गप्प.

मग मागणं काय? सरकारी जागेत किंवा सरकारी अनुदानावर उभ्या असलेल्या प्रत्येक चार्जर महिन्यात किती तास चालू होता ते जाहीर करा. संख्या पुरे झाली, तास सांगा. ठरलेल्या तासांच्या खाली गेला तर अनुदानाचा पुढचा हप्ता थांबवा. पीएम ई-ड्राइव्ह या केंद्राच्या ईव्ही योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी ठेवलेत; त्यातलं जे बेळगाव, खानापूर, निपाणीकडे येईल त्याला ही अट पहिल्या दिवसापासून घाला. किल्ली असलेला माणूस त्याच तालुक्यातला हवा आणि त्याचा नंबर मशीनवर कन्नड, मराठी, इंग्रजीत मोठ्या अक्षरात हवा. आणि वेगळ्या कनेक्शनचं परिपत्रक प्रत्येक उपविभागाला या महिन्यात पाठवा, त्याला तर पैसाही लागत नाही.

डिसेंबरात अधिवेशनासाठी तुम्ही हलग्याच्या सुवर्णसौधात येताच. या वेळी बंगळूरहून इलेक्ट्रिक गाडीनं, ताफ्याविना या, आणि वाटेत कुठे चार्ज करायची ते आधी कुणालाही कळवू नका. पोचायला उशीर झाला तर सभागृह समजून घेईल. उत्तर कन्नडमध्ये पाठवलंत तरी चालेल, मी वाचू शकतो.

कळावे,

आपला,
उद्यमबागेतला एक वीजग्राहक, बेळगाव