पडदे बेतायला शिकवणाऱ्या मावशींना

प्रिय मावशी,

सप्रेम नमस्कार.

पडदे लागले. बोट एका अंगावर कलली तरी जागचे हलत नाहीत. फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणून विषय बदलता, म्हणून आता सगळ्यांदेखत लिहितेय. बोटीच्या खिडक्यांची मापं घेऊन आणखी कुणी बसलं असेल, तर त्यांचंही काम होईल.

मी विचारलं होतं कापडाच्या रंगाबद्दल. तुम्ही उलट विचारलंत, “भिंत सरळ आहे की आत झुकलेली?” बोटीवर कधी पाऊलही न टाकलेल्या बाईला हे कसं सुचलं, देव जाणे. घरातला पडदा वरून टांगला की आपल्या वजनाने भिंतीलगत राहतो. केबिनच्या भिंती मात्र बऱ्याचदा वर जाताना आत कललेल्या असतात. तिथे नुसता वरून टांगलेला पडदा खिडकी सोडून आत लोंबणार आणि लाटांबरोबर झोके घेणार. म्हणून तुम्ही वरही नेफा घ्यायला सांगितलात आणि खालीही. दोन्हींतून स्प्रिंगची तार, टोकांना स्टेनलेस स्टीलचे हूक. साध्या लोखंडाचे लावले असते तर खाऱ्या हवेने कापडावर गंजाचे डाग पाडले असते.

पुढची खिडकी वाकलेल्या भिंतीत आहे. ताणलेली तार तिथे सरळ धावते आणि मधोमध भिंतीपासून सुटते. तुमचा तोडगा असा: मध्ये एक हूक मारायचा आणि पडदा दोन भागांत शिवायचा, म्हणजे हूक बरोबर दोन भागांच्या फटीत येतो. याला म्हणतात डोकं! (स्क्रू लावण्याआधी भिंतीची जाडी बघायची ताकीद तुमची नव्हे, माझी. पाणी आत यायला एक आरपार भोक पुरतं.)

बेतण्याचा हिशोबही तुमच्यामुळेच डोक्यात बसला. खिडकी 60 सेंमी रुंद, दोन्हीकडे 5 सेंमी जास्त झाकायचं म्हणून 70. चुण्यांसाठी त्याची दीडपट, म्हणजे 105. घरातल्यासारखी दुप्पट नको, कारण पडदा सरकवल्यावर गोळा झालेलं कापड ठेवायला बोटीत जागाच नसते. मग कडेच्या दुहेरी दुमडीसाठी दोन्हीकडे 5 सेंमी माया, झाले 115. उंचीत मात्र सढळ हात चालत नाही. दोन तारांमधलं अंतर मोजायचं आणि नेफ्यापासून नेफ्यापर्यंत तेवढंच ठेवायचं, नाहीतर खालून झोळ येतो.

सुती कापडाचा माझा हट्ट तुम्ही मोडून काढलात ते बरं झालं. सूत ओल धरतं, त्यात हवेतलं मीठ बसलं की ते धड वाळतही नाही आणि मग बुरशीचे काळे ठिपके. पॉलिस्टर घेतलं, दोराही पॉलिस्टरचाच. अस्तर पांढरं आणि त्याचं तोंड काचेकडे, म्हणजे ऊन तिथूनच परततं. शेगडीजवळची खिडकी बिनपडद्याचीच ठेवली आहे. पेटलं तर हे कापड वितळून चिकटतं, हे तुम्ही ज्या आवाजात सांगितलंत त्यानंतर वाद घालायची हिंमत नव्हती.

आणि ती नेफ्याच्या तोंडाची गोष्ट. तार आत-बाहेर होताना ताण सगळा तिथेच येतो, म्हणून दुमड अंगठ्याच्या नखाने दाबून बसवायची, शिलाई टोकापर्यंत न्यायची, मशीन उलटं चालवून दोन-तीन टाके मागे यायचं, मग परत पुढे. बाकीची शिलाई थोडी वाकडी गेली तरी चुण्यांत लपते. हे तोंड उसवलं तर अख्खा पडदा उतरवून बसावं लागतं.

वेल्क्रोबद्दल आपलं एकमत होणार नाही. तुम्हाला त्याचा तिटकारा आहे, पण छोट्या गोल खिडकीला तार कुठे लावणार? मी कापडाची गोल चकती करून वेल्क्रोनेच लावली. मऊ पट्टी कापडावर शिवली, खरखरीत भिंतीवर चिकटवली, म्हणजे चकती धुताना बाकीच्या कपड्यांना काही अडकत नाही. मागे गोंद असलेली पट्टी शिवली की सुई चिकट होऊन टाके सुटतात, म्हणून कापडासाठी बिनगोंदाची आणली. एवढं तरी कबूल करा की हे नीट जमलंय.

आता उरलाय छतातला झरोका. तो आडवा आहे, त्यामुळे कापड मधोमध पोटासारखं खाली येणार असं मला वाटतं. दोन्ही बाजूंना तार ताणून मध्ये एक आडवी काठी घालावी का? कापड अजून कापलेलं नाही. तुमचा फोन आल्याशिवाय कात्री लावणार नाही.

तुमची,
मापं कळवून कळवून भंडावणारी