बिल्ल्यावरून भाडोत्री ठरत नाही

मा. संपादक,

आफ्रिकेतल्या लढायांच्या बातम्यांत ‘वॅग्नर’ या रशियन सशस्त्र गटाला कधी खासगी कंपनी म्हटले जाते, कधी भाडोत्री सैनिक. दोन्ही शब्द सैल आहेत. जिनिव्हा करारांच्या 1977 च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमधले कलम 47 भाडोत्रीसाठी सहा अटी घालते आणि त्या सहाही एकाच वेळी लागू व्हाव्या लागतात. त्यांतली एक अशी की तो माणूस लढणाऱ्या कुठल्याही पक्षाचा नागरिक नसावा. म्हणजे युक्रेनमध्ये वॅग्नरकडून लढलेला रशियन, पैशासाठी गेला असला तरी, या व्याख्येबाहेर राहतो.

मग सरकारचा हात ओळखायचा कसा? बाहीवरच्या, वॅग्नरची खूण असलेल्या कवटीच्या बिल्ल्यावरून तर नाहीच. तो बिल्ला ऑनलाइन मिळतो, आणि गणवेशांच्या आपल्या सोलापुरात नमुना दिला की हवे तेवढे शिवून मिळतील. कंपनीच्या ऐपतीबाहेरचे सामान कुठून आले, ते बघावे. वॅग्नरचे लोक लिबियात लढत होते, तेव्हा मे 2020 मध्ये अमेरिकी लष्कराच्या आफ्रिका कमांडने तिथल्या विमानांची छायाचित्रे दिली. तिच्या सांगण्यानुसार किमान 14 मिग-29 आणि काही सुखोई-24 रशियातून आधी सीरियात नेली, तिथे त्यांवरच्या रशियन खुणा रंगाने झाकल्या आणि मग ती लिबियात उतरवली. लढाऊ विमान, वैमानिक, सुटे भाग, वाटेतला तळ, एवढे सगळे खासगी गोदामात नसते.

पैशाचा माग त्याहून सोपा निघाला. रशियन सरकारने वर्षानुवर्षे संबंध नाकारल्यावर, वॅग्नरचा प्रमुख प्रिगोझिन याचे बंड फसले आणि 27 जून 2023 रोजी पुतिन यांनीच सांगितले, की मे 2022 ते मे 2023 या काळात सरकारने वॅग्नरच्या पगार-बोनसपोटी 86 अब्ज रूबल मोजले. आफ्रिकेत मोबदल्यात मिळालेल्या खाणींच्या परवान्यांचाही हिशेब लागतो. पेंढाऱ्यांना पगार नसे, लुटीची मुभा असे. तरी त्यांच्या टोळ्यांना आश्रय देणाऱ्या सरदारांवरून शिंदेशाही, होळकरशाही अशीच नावे पडली!

चुका ठरलेल्या जागी होतात. सीरियातली जुनी चित्रफीत मालीची म्हणून फिरते. म्हणून तिची एकेक स्थिर चौकट इमेज सर्चमध्ये टाकावी, मग डोंगराची कड आणि सावल्या उपग्रहचित्राशी जुळवाव्यात. लष्करी विमाने आपले ठिकाण कळवणारे यंत्र, म्हणजे ट्रान्सपाँडर, अनेकदा बंद ठेवतात, त्यामुळे उड्डाणे दाखवणाऱ्या नकाशावर रेघ नाही म्हणजे उड्डाण झालेच नाही असे नाही. आणि पैसा, शस्त्रे, प्रशिक्षण एवढे सिद्ध झाले तरी प्रत्येक गुन्हा त्या सरकारच्या माथी बसत नाही. निकाराग्वातील बंडखोरांना अमेरिकेने दिलेल्या मदतीवरच्या खटल्यात 1986 साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्या विशिष्ट कारवाईवर अमेरिकेचे प्रभावी नियंत्रण होते का, हे पाहिले. हुकूम कोणी दिला, हा दुवा सर्वांत शेवटी सापडतो, पुष्कळदा सापडतच नाही.

मार्च 2022 मध्ये मालीतील मूरा गावात किमान 500 माणसे मारली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाच्या मे 2023 च्या अहवालात मालीच्या सैन्यासोबत ‘परदेशी लष्करी माणसे’ होती असे म्हटले आहे. पुरावा जेवढा, तेवढाच शब्द. आपल्या परदेशवृत्तांतही छायाचित्राखाली तारीख, ठिकाण आणि ते कोणी पडताळले एवढे छापावे, ही विनंती.

— एक वाचक, सोलापूर