सोळा चॅनेल सांगून दिलेल्या कार्डावर नऊ थर्मोकपल चालत नाहीत, याबद्दल तक्रार

प्रति,
सर्व्हिस मॅनेजर साहेब,

नमस्कार. भोसरी एमआयडीसीत माझं हीट ट्रीटमेंटचं छोटं शॉप आहे, गिअर आणि शाफ्ट कार्बुरायझिंगला (भट्टीत पृष्ठभागात कार्बन भरून कडक करायला) येतात. तुमच्याकडनं घेतलेल्या यूएसबी डेटा अ‍ॅक्विझिशन कार्डाबद्दल (सेन्सरचे सिग्नल लॅपटॉपवर वाचणारं कार्ड) लिहितोय, बिलाची कॉपी आणि स्क्रीनचे फोटो सोबत जोडलेत. फोनवर चार वेळा बोलून झालंय, दर वेळी नवीन माणूस आणि पहिल्यापासून सगळं सांगा, म्हणून आता एकदाच लिहून देतोय, कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

कार्ड घेतानाच तुमच्या सेल्सच्या माणसाला मी स्पष्ट सांगितलं होतं की मला भट्टीचा टेंपरेचर युनिफॉर्मिटी सर्व्हे (भट्टीत सगळीकडे तापमान सारखं आहे का याची तपासणी) करायचाय, म्हणजे आत आठ कोपऱ्यांना आठ आणि मधोमध एक असे नऊ के टाइप थर्मोकपल (दोन धातूंच्या तारा जोडून केलेले तापमानाचे सेन्सर) एकाच वेळी वाचायचेत. ते म्हणाले सोळा चॅनेल आहेत, नऊ लावून वर सात उरतील. त्यांच्या शब्दावर मी ऑर्डर दिली.

पहिल्याच दिवशी शून्य ते आठ असे नऊ चॅनेल टाकले. तुमच्या सॉफ्टवेअरने नववा चॅनेल यादीत दाखवला, नाव द्यायला दिलं, सेव्ह पण करून घेतला. स्टार्ट दाबलं की मात्र एक नंबर आणि खाली "चॅनेल कॉन्फिगरेशन चुकीचं आहे" एवढंच. कुठला चॅनेल, काय चुकलं, काही नाही. आम्ही आधी सगळ्या वायरी तपासल्या, थर्मोकपलपासून कार्डापर्यंतच्या कंपेन्सेटिंग केबलचे प्लस-मायनस बघितले, ड्रायव्हर काढून परत टाकला, लॅपटॉप बदलला. शेवटी माझ्या पोराने यादीतला खालून एकेक चॅनेल काढत स्टार्ट दाबायला सुरुवात केली, तर पहिलाच म्हणजे आठ नंबर काढला आणि गाडी सुरू झाली. मग मॅन्युअल शोधून वाचलं तेव्हा कळलं की डिफरन्शियल मोडमध्ये (सेन्सरच्या प्लस आणि मायनस तारेला वेगवेगळा चॅनेल) शून्यची जोडी आठबरोबर, एकची नऊबरोबर अशी लागते, म्हणजे सोळाचे आठच उरतात. थर्मोकपल आपण डिफरन्शियलमध्येच लावणार हे तुमच्या माणसाला माहीत नव्हतं का?

आठसुद्धा नाहीत साहेब. शून्य नंबरचं रीडिंग पहिल्यापासून रेंजच्या वरच्या टोकाला अडकलेलं होतं, थर्मोकपल बदलला तरी तेच. तुमचा टर्मिनल बॉक्स उघडला तर आत एक छोटा स्विच, कोल्ड जंक्शनचा सेन्सर (टर्मिनलचं स्वतःचं तापमान मोजणारा) त्या स्विचवरून शून्य चॅनेलला जोडलेला. तो सेन्सर बंद करून चालत नाही, कारण थर्मोकपल फक्त दोन टोकांच्या तापमानातला फरक सांगतो, टर्मिनलचं तापमान माहीत नसेल तर भट्टीचं तापमान काढणार कसं. म्हणजे मला वापरायला राहिले सात. सोळा सांगून सात, आणि मला लागतात नऊ.

सपोर्टला फोन केला तर सांगितलं सिंगल एंडेड करा (सेन्सरला एकच चॅनेल, मायनस सगळ्यांचे ग्राउंडला), सोळाचे सोळा दिसतील. केलं, दिसले. पण हीटर ऑन झाला की रीडिंग पंचवीस-तीस अंशांनी उडायचं आणि हीटर बंद झाला की परत शांत. आमच्या थर्मोकपलचं टोक शीथला (बाहेरच्या धातूच्या नळीला) वेल्ड केलेलं आहे आणि शीथ भट्टीतल्या फिक्स्चरला टेकते, तिथून सगळ्यांचे मायनस कार्डाच्या ग्राउंडला एकत्र आले की भट्टीचा सगळा नॉइज सिग्नलमध्ये शिरणारच. लॅपटॉपचा चार्जर काढून बघितला, उड्या कमी झाल्या, बंद नाही झाल्या. के टाइप अंशाला साधारण 41 मायक्रोव्होल्ट देतो, 925 अंशांना सगळा मिळून 38 मिलिव्होल्टच्या आसपास. त्यात एक मिलिव्होल्ट इकडेतिकडे झाला की पंचवीस अंश गेले. असा रेकॉर्ड मी ऑडिटरसमोर ठेवूच शकत नाही. थर्मोकपलला सिंगल एंडेड करा असा सल्ला देणाऱ्याने एकदा तरी चालू भट्टीजवळ उभं राहून बघावं असं मला मनापासून वाटतं.

तुमचा इंजिनिअर आला तो अर्धा तास थांबला आणि जाताना रेंज प्लस-मायनस दहा व्होल्टवर ठेवून गेला. सोळा बिटचं कार्ड आहे, त्या रेंजवर एक पायरी, म्हणजे कार्डाला कळणारा लहानात लहान फरक, 305 मायक्रोव्होल्टची, म्हणजे रीडिंग सात-सात अंशांच्या उड्या मारतं. रेंज प्लस-मायनस 0.2 व्होल्ट केल्यावर पायरी सहा मायक्रोव्होल्टवर आली. हे मी रात्री बसून शोधलं, खरं तर त्याचं काम होतं.

नंतर तुम्ही कार्ड बदलून दिलं, त्याबद्दल आभार, पण पहिल्या कार्डात बिघाड नव्हताच. नवीन कार्डाला सॉफ्टवेअरने दोन नंबरचं नाव दिलं आणि आमचं जुनं सेटिंग एक नंबरलाच शोधत बसलं, परत तीच एरर, तोच मेसेज, परत अर्धा दिवस गेला. दोन वेगवेगळ्या चुकांना एकच मेसेज दिला तर माणसाने शोधायचं कुठे?

एवढ्यात एका गिर्‍हाईकाचा सर्व्हे तारखेला द्यायचा होता तो बाहेरून भाड्याने लॉगर (तापमान नोंदवणारं यंत्र) आणून केला, त्याचं बिल पण जोडलंय.

मला हवंय ते असं. हे कार्ड परत घ्या आणि नऊ थर्मोकपल डिफरन्शियलमध्ये, कोल्ड जंक्शन वेगळं ठेवून, वाचणारं दुसरं द्या, दरात फरक पडला तर बोलू. नाहीतर पूर्ण पैसे परत करा. लॉगरचं भाडं दोन्ही बाबतीत तुम्ही द्यायचं. आणि कोटेशनवर सोळा चॅनेल लिहाल तिथेच डिफरन्शियलमध्ये किती, कोल्ड जंक्शन लावल्यावर किती हे पण छापा, म्हणजे माझ्यासारखा दुसरा शॉपवाला अडकणार नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना पण सांगा, चालणार नाही तो चॅनेल यादीत दाखवूच नका, आणि दाखवलात तर एररमध्ये त्याचा नंबर लिहा.

पुढचा सर्व्हे वीस दिवसांवर आलाय. दहा दिवसांत लेखी उत्तर पाहिजे, ते नाही आलं तर ग्राहक आयोगात जाण्याशिवाय मला मार्ग नाही. इंजिनिअर पाठवणार असाल तर भट्टी चालू असताना पाठवा, मंगळवारी आणि शुक्रवारी भट्टीत माल लागलेला असतो.

आपला,
भोसरीचा ग्राहक
(पत्ता आणि फोन नंबर बिलावर आहे)