पोर्ट टॅल्बटचे दस्त आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातली रद्दी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वेल्समधल्या पोर्ट टॅल्बटच्या पोलाद कारखान्याबद्दल आपल्याकडे जे वाचायला मिळते, ते बहुधा २००७ साली टाटांनी कोरस कंपनी घेतली तिथून सुरू होते आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी तिथली शेवटची झोतभट्टी बंद झाली तिथे संपते. त्या जागेचा लिखित इतिहास मात्र ११४७ पासूनचा आहे आणि तो जवळपास शेताशेताने सांगता येतो. आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्याचा गेल्या साठ वर्षांचा इतिहासही तसा सांगता येत नाही. हा फरक कशामुळे पडला आणि तो अजून किती भरून काढता येईल, यासाठी हे पत्र.

आधी जागा पाहू. पोर्ट टॅल्बटच्या दक्षिणेला मारगम आहे. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला समुद्र आणि मधे सपाट जमिनीची चिंचोळी पट्टी. रेल्वे, मोटारवे, कारखाना आणि घरे, सगळे त्या पट्टीत दाटीवाटीने बसले आहे. ऐरोली ते तुर्भे या भागाला हेच वर्णन लागू पडते. पारसिकचा डोंगर एका बाजूला, खाडी दुसऱ्या बाजूला, रस्त्याच्या डोंगराकडच्या अंगाला कारखाने आणि खाडीकडच्या अंगाला गावठाणे व सिडकोच्या वसाहती.

ग्लॉस्टरचा अर्ल रॉबर्ट याने ११४७ साली अ‍ॅवन आणि केनफिग या दोन नद्यांमधली जमीन, डोंगराच्या माथ्यापासून समुद्रापर्यंत, सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंना मारगमच्या मठासाठी दिली. या पंथाचा मूळ नियम कडक होता. खंड घ्यायचा नाही, चर्चचे उत्पन्न घ्यायचे नाही, स्वतः कसायचे. त्यासाठी मठापासून दूरवर ‘ग्रेंज’ नावाची मोठी शेते असत आणि व्रते घेतलेले पण पूर्ण साधू नसलेले बंधू ती कसत. मारगमकडे अशी वीसएक ग्रेंज होती आणि १२९१ च्या मोजदादीत पाच हजारांवर मेंढ्या नोंदल्या गेल्या. ही भरभराट कुणाच्या तरी जिवावरही होती. लांगेविद या ठिकाणचे चर्च आणि वस्ती मठाने हटवली, अशी तक्रार जेराल्ड ऑफ वेल्स या त्या काळच्या लेखकाने नोंदवली आहे. अ‍ॅवन खोऱ्यातल्या वेल्श सरदार घराण्याने तर मठाला जमिनीही दिल्या आणि पुढच्या पिढीत मठाची शेतेही जाळली. किनाऱ्यावर वाळू सरकत आली तेव्हा शेजारचे केनफिग हे गाव किल्ल्यासकट तिच्याखाली गेले आणि मठाचीही बरीच जमीन गेली. १३४९ च्या प्लेगनंतर कसणारे बंधूच मिळेनासे झाले, मग नियम बाजूला ठेवून जमिनी खंडाने द्याव्या लागल्या.

हे सगळे आज कळते ते दस्तांमुळे. त्यातला एक प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे. व्यवहार ठरला की एकाच चर्मपत्रावर तोच मजकूर दोनदा लिहीत. दोन मजकुरांच्या मधल्या कोऱ्या जागेत मोठ्या अक्षरात एक शब्द लिहीत आणि त्या शब्दावरूनच नागमोडी किंवा दातेरी रेषेत चर्मपत्र कापत. अर्धे मठाकडे, अर्धे समोरच्याकडे. पुढे वाद झालाच तर दोन्ही तुकडे जोडून पाहायचे. कापलेली अक्षरे जुळली तर दस्त खरा. करारपत्राला इंग्रजीत इंडेंचर म्हणतात, तो शब्द याच दातेरी कापण्यावरून आला. खाली मेणाची मोहोर लोंबत असे. मारगमच्या दस्तांवर बड्या सरदारांच्या मोहोरा आहेतच, पण साध्या वेल्श शेतकऱ्यांच्याही आहेत. शिवाय मठाने महत्त्वाच्या दस्तांच्या नकला लांब गुंडाळ्यांवर उतरवून ठेवल्या होत्या, म्हणजे मूळ हरवले तरी मजकूर हाताशी राही.

१५३६ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात मठ बंद झाला. १५४० पासून सर राइस मॅन्सेल याने त्याची मालमत्ता टप्प्याटप्प्याने विकत घेतली आणि जमिनीबरोबर मठाचे दस्तही त्याच्याकडे आले. यामागे इतिहासप्रेम नव्हते, मालकीचा पुरावा म्हणून ते लागणारच होते. मॅन्सेल घराण्याकडून वारशाने सारे टॅल्बट घराण्याकडे गेले आणि इस्टेट विसाव्या शतकापर्यंत अखंड राहिली. आपल्याकडची गोष्ट वेगळी. साष्टीत, म्हणजे ठाणे ज्या बेटावर आहे तिथे, पोर्तुगीज काळात अनेक गावे ख्रिस्ती धर्मसंस्थांकडे होती. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, १७७४ च्या अखेरीस ते इंग्रजांकडे गेले. चाळीस वर्षांच्या आत तीन राजवटी, तीन भाषा, दोन लिप्या, आणि प्रत्येकीचे दफ्तर वेगळ्या शहरात.

मारगमला उद्योग एका दिवसात आला नाही. तेराव्या शतकाच्या मध्यावरच मठाला दगडी कोळसा काढण्याचे हक्क मिळालेले दिसतात. अठराव्या शतकात शेजारच्या टायबाखला तांब्याच्या भट्ट्या आल्या. १८३४ आणि १८३६ च्या कायद्यांनी बंदराला परवानगी मिळाली, १८३७ मध्ये गोदी सुरू झाली आणि तिला जमीनमालक सी. आर. एम. टॅल्बट यांचे नाव पडले. त्यांची मुलगी एमिली हिने वडिलांनंतर रेल्वे व गोदी कंपनी उभी केली आणि १८९८ मध्ये नवी गोदी झाली. पुढे कारखान्यांना जमीन भाडेपट्ट्याने मिळाली तीही याच इस्टेटीची.

पण एमिली टॅल्बटचे आमच्या मते सर्वांत मोठे काम दुसरे आहे. एकीकडे गोदी खणली जात असताना तिने ब्रिटिश म्युझियममधले वॉल्टर डी ग्रे बर्च यांना बोलावून घरातल्या दस्तांची सूची करून घेतली. प्रत्येक दस्ताची तारीख, पक्षकार, जागेचे नाव, मोहोरेचे वर्णन. १८९३ ते १९०५ अशी बारा वर्षे हे काम छापून येत होते. सूची झालेला दस्त सहसा रद्दीत जात नाही, कारण तो कमी झाला तर लगेच लक्षात येते. १९४१ मध्ये टॅल्बटांच्या मारगममधल्या वाड्यातल्या सामानाचा लिलाव झाला. दस्त मात्र आज अ‍ॅबरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्समध्ये आहेत.

१९४७ मध्ये स्टील कंपनी ऑफ वेल्स स्थापन झाली आणि १९५१ मध्ये मारगमच्या किनारी कुरणांवर जो कारखाना सुरू झाला त्याचे नावच ‘अ‍ॅबी वर्क्स’, म्हणजे मठाचा कारखाना. साठच्या दशकात तिथे सुमारे अठरा हजार लोक कामाला होते. त्यांच्यासाठी वाळूच्या टेकड्यांवर सँडफील्ड्स ही वसाहत उठली. टॅल्बटनी आपल्या बागेसाठी जुने मारगम गाव हलवून ग्रोइस नावाचे नवे गाव वसवले होते, ते १९७६ मध्ये एम-४ मोटारवेसाठी पाडले गेले. विमानतळासाठी दहा वस्त्या उठलेल्या पाहिलेल्या नवी मुंबईकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. ग्रोइसचे अष्टकोनी चॅपल मात्र दगड न् दगड सुटा करून टायबाखच्या बागेत पुन्हा उभारले. ते आजही तिथे आहे. आता झोतभट्ट्यांच्या जागी भंगार वितळवणारी विजेची भट्टी येते आहे, क्षमता वर्षाला सुमारे तीस लाख टन. कामगारांची संख्या त्यामुळे खूप घटली आणि ते दुःख मोठे आहे. पण तिथे कोणत्या शेतावर कोणते शेड उभे राहिले, हे विचारणाऱ्याला उत्तर मिळते.

आपल्याकडे १९६२ मध्ये एमआयडीसी झाली, वागळे इस्टेट आणि मग खाडीपलीकडचा टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) पट्टा उभा राहिला. १९७० मध्ये सिडको आली. आता त्यातले कितीतरी कारखाने बंद होऊन तिथे डेटा सेंटर आणि गोदामे येत आहेत. प्लॉट हस्तांतरित होताना नव्या मालकाला भाडेपट्टा आणि ताबा पावती लागते, ती तो घेतो. बाकीचे कपाटासकट भंगारवाल्याकडे जाते. त्यात मंजूर नकाशे, हजेरीपटाची पुस्तके, यंत्रांच्या मांडणीची आरेखने, कामगारांचे सामूहिक फोटो असतात. दुसरे अर्धे गावठाणातल्या घरांत आहे. हस्तलिखित सातबारा, फेरफार, कजाप (कमी-जास्त पत्रक), कुळकायद्याचे ३२म प्रमाणपत्र, भूसंपादनाची नोटीस, निवाड्याची प्रत, संपादित जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्के भूखंडाचे वाटपपत्र. म्हणजे दातेरी चर्मपत्राचा एक तुकडा कारखान्यात आणि एक गावात.

हे दोन तुकडे जोडायला एकच साधन लागते, ते म्हणजे जुना सर्व्हे नंबर व हिस्सा नंबर आणि आजचा एमआयडीसी प्लॉट नंबर समोरासमोर मांडलेला तक्ता. वेल्समध्ये १८३६ च्या कायद्यानंतर झालेल्या टाइद (चर्चला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याच्या) नकाशांनी हे काम केले. त्यांत प्रत्येक शेताला क्रमांक आहे आणि सोबतच्या वहीत शेताचे नाव, मालक, कसणारा आणि क्षेत्र. ते नकाशे कुणालाही घरबसल्या फुकट पाहता येतात. आपल्याकडे त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून संपादनापूर्वीच्या गाव नकाशाची आणि आकारबंदाची (सर्व्हे नंबरवार क्षेत्र व आकार यांच्या नोंदवहीची) नक्कल घ्यावी आणि एमआयडीसीचा आराखडा त्याच प्रमाणात आणून वर ठेवावा. नेहमी चुकते ते इथेच. नदी-नाल्याच्या काठावरून नकाशे जुळवायला गेले की फसगत होते, कारण नाले वळवले गेले आहेत आणि खाजणाचे बांध बुजले आहेत. गावठाणाची हद्द, देवळाची जागा आणि जुन्या विहिरी सहसा हललेल्या नाहीत. असे निदान चार बिंदू धरून जुळवावे. हिस्सा नंबर पोटहिश्श्यांमुळे मधे बदललेला असतो, म्हणून कजाप पाहिल्याशिवाय तक्त्यात नोंद करू नये. आणि शेतांची तोंडी नावे, मिठागरांची नावे, उघाड्यांची (खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या दारांची) नावे त्याच तक्त्यात वेगळ्या रकान्यात लिहावीत. ती सत्तरीपुढच्या माणसांनाच माहीत आहेत.

कागद हाताळण्याबद्दल थोडे, कारण प्रेमापोटीच सर्वांत जास्त नुकसान होते. जुन्या सातबाऱ्याला लॅमिनेशन करू नये. उष्णतेने प्लास्टिक कागदात मुरते आणि पुन्हा कधी सुटत नाही. फाटल्यावर सेलोटेप लावली की काही वर्षांत चिकट पिवळा पट्टा पडतो आणि त्याखालची शाई जाते. खाडीच्या दमट हवेत टाचण्या आणि स्टेपल गंजून कागदाला भोक पाडतात, त्या आधी काढाव्यात. पोटमाळ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या गठ्ठ्याला पावसाळ्यात हमखास बुरशी येते. साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, जमिनीपासून वीतभर उंच आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावे. ट्रेसिंग पेपरवरचे नकाशे घडीवर तडकतात, ते जाड नळीवर गुंडाळावेत. अमोनिया प्रिंट उन्हात फिकट होतात, त्यामुळे फ्रेम करून भिंतीवर लावू नयेत. फॅक्सचा गुळगुळीत कागद तर आपोआप कोरा होत जातो, त्याची झेरॉक्स आजच काढावी. स्कॅन ३०० डीपीआयला, नकाशा असेल तर ६०० ला. फाइलच्या नावात गाव, सर्व्हे नंबर आणि वर्ष घालावे. नुसते ‘स्कॅन ००१’ असे नाव दिलेल्या फाइली वर्षभरात कुणालाच ओळखू येत नाहीत.

आमची मागणी एवढीच आहे की टीटीसी पट्ट्यातल्या प्लॉटचे हस्तांतरण किंवा वापरबदल मंजूर करताना त्या कारखान्याचे मंजूर नकाशे, हजेरीपट आणि छायाचित्रे यांचा एक संच, सूचीसह, महापालिकेच्या ग्रंथालयात जमा करण्याची अट घालावी. सूची आधी आणि कागद नंतर आले तरी चालेल. नाव, वर्ष, प्लॉट नंबर, सर्व्हे नंबर असे चार रकाने पुरेत. आपल्या वाचकांपैकी कुणाचा कारखाना या वर्षी बंद होत असेल, तर भंगाराचा टेम्पो बोलावण्याआधी आरेखन विभागातले कपाट एकदा उघडून पाहावे. नकाशे बहुधा सर्वांत खालच्या, रुंद खणात असतात.

आपले,
काही वाचक, ऐरोली व घणसोली