स्टॅनफर्ड अटलांटिकच्या लीगमध्ये कशाला?

संपादक महोदय,
स्टॅनफर्ड आणि बर्कली ही दोन्ही विद्यापीठं पॅसिफिकच्या बाजूची, आणि २०२४ पासून खेळतात अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये, म्हणजे मुख्यतः पूर्वेकडच्या कॉलेजांच्या लीगमध्ये, हे मला अजिबात पटत नाही. पॅक-१२ ही त्यांची जुनी वेस्ट कोस्टची लीग फुटली, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट दोघंच मागे राहिले, कुठेतरी जाणं भाग होतं हे मान्य, पण टीव्हीच्या पैशातला वाटाही सुरुवातीची काही वर्षं कमीच घ्यायचा ठरलाय. अमेरिकन फुटबॉलवाल्यांचं एकवेळ ठीक, आठवड्याला एकच मॅच, पण व्हॉलीबॉलच्या मुलींनी पाच-सहा तास विमानात बसून बॉस्टनला जायचं, तिकडे घड्याळ तीन तास पुढे, आणि परत आल्या की लगेच लेक्चर, असाइनमेंट, झोपायचं कधी पोरींनी? फुटबॉल राहू दे तिकडे, बाकीचे खेळ इथे वेस्ट कोस्टवरच खेळवा.
– एक वाचक, सॅन होजे