घड्याळ ठणठणीत, ॲप मात्र बंद

महोदय,

पुण्याच्या तपकीर गल्लीत दुरुस्तीला येणारी कित्येक स्मार्ट घड्याळे मुळात बिघडलेलीच नसतात. काच, बटणे, सेन्सर सगळे ठणठणीत. फोनवरचे ॲप तेवढे बंद पडलेले. अशा वेळी लोक घाईने घड्याळ रीसेट करतात आणि तिथेच फसतात. अनेक मॉडेलना पुन्हा जोडणीसाठी कंपनीचा सर्व्हर लागतो. तोच बंद असेल तर घड्याळ कायमचे अडकते. म्हणून आधी दुसऱ्या फोनवर ॲप उतरते का, लॉगिन होते का, हे पाहावे, मगच रीसेट.

बॅटरीचे दुखणे वेगळे. लिथियम बॅटरी साधारण ५०० वेळा पूर्ण चार्ज झाली की क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास येते. ती बदलता येते, पण झाकण गोंदाने चिकटवलेले असते. गरम करून उघडताना आतली फ्लेक्स केबल (भाग जोडणारी पातळ पट्टी) तुटू शकते, आणि नवे सील बसवले नाही तर पहिल्याच पावसात पाणी शिरते.

युरोपीय संघाने जून २०२५ पासून स्मार्टफोन-टॅबलेटसाठी, विक्री थांबल्यावरही ५ वर्षे अपडेटचा नियम लागू केला. घड्याळे त्यातून सुटली. स्मार्ट घड्याळे बनवणारी पेबल कंपनी २०१६ मध्ये बंद झाली, तरी चाहत्यांनी चालवलेल्या रेबल या ऑनलाइन सेवेवर तिची घड्याळे चालत राहिली. म्हणजे हे अशक्य नाही! आपल्याकडेही औषधाच्या पाकिटावर असते तशी अपडेटची अखेरची तारीख खोक्यावर छापणे आणि सर्व्हर बंद करण्यापूर्वी जोडणीची पद्धत खुली करणे केंद्राने सक्तीचे करावे.

– घड्याळ-मोबाइल दुरुस्ती कारागीर, बुधवार पेठ, पुणे